अम्मींचं वाक्य

डिसेंबरात आम्ही फजरनंतर सांगली सोडली. सातारा, कास आणि पुढे घाट उतरून बामणोली. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय इथवर पसरला आहे. कासचा फुलांचा हंगाम केव्हाच संपला होता, म्हणून सगळं लक्ष होड्यांवर.

काठावर ठरवायची वेळ आली. मुलांना वासोटा हवा होता : दीडेक तास होडी, मग अभयारण्यातल्या जंगलातून किल्ल्याची खडी चढण. दुसरी छोटी फेरी कोयना, सोळशी आणि कांदाटीच्या संगमापर्यंत.

अम्मी म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. मी डबे सांभाळते."

हे वाक्य आमच्या ओळखीचं. पन्हाळ्याला त्या गाडीतच बसल्या, प्रतापगडाला पायथ्याशी. दरवेळी आम्ही "बरं" म्हणून निघून गेलो. या वेळी थोरला म्हणाला, "दादी नाही, तर वासोटा नको." धाकटी रुसली. खरं तर हळहळ आम्हालाही वाटली.

संगमाजवळ अम्मींनी पाण्यात हात घातला. "हेच पाणी आपल्याकडे येतं ना?" कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळते आणि कृष्णा सांगलीला येते, हे आम्ही सांगितलं. अम्मी थांबून म्हणाल्या, "मग 2019 ला घरात शिरलं, ते यातलंच." त्या पुरात कुराणशरीफ आणि निकाहनामा डोक्यावर घेऊन त्या कशा बाहेर पडल्या, हे मुलांनी प्रथमच ऐकलं.

धाकटीचा रुसवा कऱ्हाडपर्यंत टिकला. वासोटा पुढच्या वर्षी, इन्शाअल्लाह. पण सहल आखताना घरात सर्वांत हळू चालणाऱ्याला आधी विचारायचं, हे आम्ही ठरवून टाकलं आहे.