स्कायहोल्डची गोल खोली

दोस्तांनो, आज एका किल्ल्यावर जाऊ या. नकाशात मात्र शोधू नका हं, सापडायचा नाही! हा किल्ला आहे 'ड्रॅगन एज : इन्क्विझिशन' या संगणकावरच्या खेळात. कॅनडातल्या बायोवेअर कंपनीनं तो २०१४ साली आणला. खेळ मोठ्या माणसांसाठी आहे, म्हणून तुम्ही तूर्त शब्दांच्या पायवाटेनंच या. आईबाबा, तुम्हीही चला!

किल्ल्याचं नाव स्कायहोल्ड. चहूकडे बर्फाचे डोंगर. लांबलचक दगडी पूल ओलांडला की दरवाजा, मग अंगण, पायऱ्या आणि भला मोठा दरबार. दरबाराशेजारी आहे एक गोल खोली. मान वर करा. वर ग्रंथालय, त्याच्याही वर निरोप नेणारे पक्षी. आता खाली पाहा. भिंतभर चित्रंच चित्रं!

ती रंगवतो सोलास. टोकदार कानांचा, टक्कल पडलेला, शांत जादूगार. हा किल्लासुद्धा त्यानंच दाखवलेला. खेळणारा असतो मोहिमेचा प्रमुख. तो जे करील ते सोलास भिंतीवर उतरवतो. जादूगारांशी हातमिळवणी केलीत तर एक चित्र, त्यांच्यावर पहारा ठेवणाऱ्या योद्ध्यांशी केलीत तर दुसरं.

तुम्ही त्याला प्रश्न विचारलेत, दुबळ्यांशी नीट वागलात, की पडद्यावर अक्षरं उमटतात : सोलासला हे आवडलं. उर्मटपणा केलात, तर नावडलं. पण मैत्री किती मुरली, त्याचे गुण काही दिसत नाहीत. खऱ्या मैत्रीत तरी कुठे दिसतात?

आणि एके दिवशी सोलास न सांगता निघून जातो. मग कळतं, तो एक जुना बंडखोर होता! हजारो वर्षांपूर्वी देव म्हणवणाऱ्या जुलमी सत्ताधीशांविरुद्ध उठून त्यानं गुलामांना सोडवलं. त्या जुलमींना कोंडायला त्यानं जादूचा एक पडदा उभारला आणि त्यात त्याचंच जग मोडून पडलं. आता त्याला तो पडदा फाडायचाय. त्यात आजचं जग बुडालं तरी चालेल!

तुमची मैत्री त्याला थांबवते का? नाही. खेळाची खरी गंमत इथेच आहे. २०१५ च्या पुरवणी भागात तो पुन्हा भेटतो. मैत्री असेल तर मित्रासारखा बोलतो, दुरावा असेल तर कोरडेपणानं. निश्चय मात्र तोच.

मग २०२४ साली 'द व्हेलगार्ड' आला. त्यात सोलासपुढे तीन वाटा आहेत. त्याच्याशी लढा, त्याला फसवा, नाहीतर त्याचं मन वळवा. तिन्ही वाटांनी शेवटी तो त्या पडद्यालाच बांधला जातो. फरक एवढाच, की पहिल्या दोन वाटांनी तो कैदी म्हणून जातो आणि तिसरीनं रखवालदार म्हणून, आपणहून! पण ही तिसरी वाट आयती मिळत नाही, बरं का. त्याच्या जुन्या आठवणी एकेक करून शोधाव्या लागतात. हा असा का झाला, हे समजून घ्यावं लागतं.

गोल खोलीत शेवटचं चित्र अर्धवटच राहिलंय. नुसत्या रेघा, रंग नाही. रागावून निघून गेलेला एखादा मित्र तुम्हालाही असेल. तो परत येईलच असं नाही. पण तो का रागावला, हे त्याला कुणी विचारलं का?