तापीच्या पाण्यावर

सुरतेतील मराठी कुटुंबांना तापी ही परकी नदी वाटत नाही. आमच्यापैकी अनेकांची मुळे खानदेशातली. प्रकाशे येथे जिच्या काठी वाडवडिलांनी पितरांना पाणी दिले, तीच ही. मुलताईहून निघून सुमारे ७२४ किलोमीटरांची वाट चालून ती येथे समुद्रास मिळते. तथापि काठावर उभा जन्म काढूनही तिच्या पाण्यात होडी घालण्याचा योग आम्हांस आला नव्हता. ऑगस्ट २००६ च्या महापुरात शहराचा बहुतेक भाग बुडाला. कन्येला, ती तेव्हा चार वर्षांची होती, उराशी धरून आम्ही उभयतांनी तीन रात्री गच्चीवर काढल्या. त्यानंतर आमच्या घरात हा विषयच वर्ज्य झाला. सौभाग्यवती तर पुलावरून जातानाही नदीकडे पाहत नसत.

गेल्या पौषात त्याच कन्येने हट्ट धरला. परिचयातील एका माछी गृहस्थांची होडी ठरली आणि एका रविवारी दिवस उगवायच्या सुमारास आम्ही कॉजवेच्या वरच्या अंगाला पाण्यात उतरलो. सौभाग्यवती मधल्या फळीवर दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून बसल्या. वल्ही कन्येने आणि आम्ही आळीपाळीने मारली. अर्धा घटका आमची होडी गोलच फिरत होती, हे जाता जाता सांगून टाकतो.

कॉजवेजवळ कुरवांचा मोठा थवा होता. यांतील तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटाकडील सरोवरांवर वीण करतात आणि हिवाळ्यात इकडे उतरतात. सुरतकर त्यांना मूठमूठ गाठिये घालतात. दातृत्व थोर खरे. पण हिमालय ओलांडून आलेल्या पाहुण्याला तळलेले बेसन पचत असेल, असे आम्हांस वाटत नाही.

वर जावे तशी जलपर्णी दाट झाली. सिंगणपोरचा हा बंधारा १९९५ साली झाला. त्याने भरतीचे खारे पाणी खाली अडवले आणि शहराला गोडे पाणी दिले. मात्र वाहते पाणी थांबले, त्यात सांडपाणी मिसळले आणि हे हिरवे जाजम पसरले. नदीचा गळा आवळणाऱ्या त्या पानांवरच कमळपक्षी लांब बोटांनी ऐटीत चालत होते. जांभळ्या पाणकोंबड्या त्यांतच चरत होत्या. ज्याची चीड यावी, त्यावरच इतका संसार मांडलेला पाहून आम्ही गप्प राहिलो.

मोकळ्या पाण्यात काळे, पांढऱ्या कपाळाचे पक्षी पोहत होते. “भगतडां,” नावाडीभाई म्हणाले. आमच्या मराठीत त्यांना वारकरी म्हणतात. कपाळावरचा तो टिळा पाहून दोन्ही भाषांना भक्तच आठवावा, याची आम्हांस मोठी मौज वाटली. कन्येला मात्र इंग्रजी नाव तेवढे ठाऊक. तिचे शिक्षण गुजरातीत झाले. घरातील मराठी स्वयंपाकघरापुरती उरली. पक्ष्यांची नावे त्या मराठीत कोठून यावीत? शाळेत इतरांच्या मुलांना शब्द शिकविण्यात आमची वर्षे गेली, हे मनात येऊन गेले.

इतक्यात नावाडीभाईंनी वल्हे उचलून धरले. “जुओ, जळबिलाडी!” जलपर्णीच्या कडेला तीन तपकिरी डोकी वर आली, एकाच्या तोंडात मासा चमकत होता. सरथाणा येथील प्राणिसंग्रहालयात आम्ही हा प्राणी पाहिला होता. मोकळ्या नदीत मात्र प्रथमच. तो जाळी फाडतो, अशी नावाडीभाईंची तक्रार होती. परंतु ती सांगतानाही त्यांचा आवाज आपोआप हलका झाला होता.

“अगं, पाणमांजर!” सौभाग्यवती एकदम म्हणाल्या. काठावरचे दोन्ही हात सुटले होते आणि त्या अर्ध्या उभ्या राहिल्या होत्या. होडी डोलली. आम्ही त्यांना बसा म्हणालो, ते त्यांना ऐकू गेले नाही. त्या लेकीला बोटाने दाखवीत होत्या आणि लेक तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणून पाहत होती.

परतीच्या वाटेवर सौभाग्यवतींनी नावाडीभाईंना गुजरातीत विचारले, आषाढ शुद्ध सप्तमीला, तापीमातेच्या जन्मदिवशी, होडी मिळेल काय. भाई म्हणाले, तेव्हा पाणी फार असते, बेन. त्यापेक्षा माघात या.