पर्याय, नक्कल आणि बनावट: तिन्ही एक नव्हेत

आमच्या चोपड्यात कॉलेजच्या पोरांच्या तोंडी सध्या एक शब्द आहे, ‘डुप’. महागड्या परफ्युमच्या वासाशी मिळताजुळता वास, किंमत पाच-सातशे रुपये. मोबाइलवर ऑर्डर टाकली की चार दिवसांत घरी. यावर दोन प्रकारची माणसं भांडतात. एक म्हणतात, "अरे डुप्लिकेट मारून फिरतो का?" दुसरे म्हणतात, "पंचवीस हजारांची बाटली घेणारा येडा." दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी ही पोस्ट. जरा लांब आहे, पण वाचा.

झालं असं की परदेशातून आलेल्या एका नातेवाइकाकडं ‘ले लाबो’ कंपनीच्या ‘ते नुआर 29’ची छोटी नमुना-कुपी होती. ‘ते नुआर’ म्हणजे फ्रेंचमध्ये काळा चहा. कंपनी 2006 साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली, 2014 मध्ये एस्टी लॉडरनं ती विकत घेतली आणि हा वास 2015चा. शंभर मिलीच्या बाटलीला अमेरिकेत तीनशे डॉलरच्या वर मोजावे लागतात. याच वासाच्या धर्तीवर बनवलेली एक देशी बाटली मी साडेपाचशेला मागवली. एक मनगट याला, एक त्याला. शिवाय धुतलेल्या दोन सुती रुमालांवर एकेक फवारा. रुमालांवर फक्त १ आणि २ असे आकडे.

पहिली दहा मिनिटं फरक कुणालाही कळावा असा होता. स्वस्तातल्या बाटलीतून आधी स्पिरिट आणि लिंबू नाकात शिरलं. महागातली सुरुवातीपासून शांत. तासाभरानं मात्र दोन्ही इतक्या जवळ आल्या, की रुमाल उलटसुलट केल्यावर मलाही आकडा बघावा लागला. तीन तासांनी पुन्हा फाटे फुटले. महागातली कोरडी होत गेली, वाळलेल्या पानासारखी. स्वस्तातली गोड झाली, आणि टिकली उलट जास्त. दुसऱ्या दिवशी सकाळीही तो रुमाल बोलत होता.

रुमाल घेऊन मी नेहमीच्या टपरीवर गेलो. पाच जणांना हुंगायला दिले. तिघांनी स्वस्तातला निवडला. टपरीवाल्या भाऊंनी दोन्ही हुंगले आणि महागातल्याबद्दल निकाल दिला, "हाऊ चहाना वास नही शे भो, वायेल चाराना शे!"

सगळे हसले. पण भाऊंचं नाक खोटं नाही. कंपनी स्वतःच या वासात अंजीर, देवदार, वाळा, तंबाखू आणि वाळलेलं गवत सांगते. फ्रेंच नावाच्या बाटलीत आपल्या खळ्यावरचा वास निघाला, आणि तो ओळखला रोज शंभर कप चहा उकळणाऱ्या माणसानं.

मुळात ‘चहाचा परफ्युम’ हीच बहुतेकदा एक नक्कल असते, हे फार जणांना माहीत नसतं. गुलाबाचं तेल काढतात तसं चहाचं तेल काढून बाटलीत सहसा भरलेलं नसतं. बहुतेक वेळा चहाचा भास करून देणारी रसायनं जुळवलेली असतात. हा प्रकार गाजवला जाँ-क्लोद एलेना या फ्रेंच अत्तरकारानं, 1992 साली बुल्गारी कंपनीसाठी बनवलेल्या ग्रीन टीच्या वासानं. आयोनोन आणि हेडिओन ही त्यातली मुख्य रसायनं. 1999 मध्ये एलिझाबेथ आर्डेननं खूपच कमी किमतीत स्वतःचा ‘ग्रीन टी’ आणला, तो बनवणारा फ्रान्सिस कुर्कजान आज जगातल्या बड्या अत्तरकारांपैकी एक. म्हणजे स्वस्तातला चहा बनवणारा माणूसही कच्चा नव्हता. स्वस्त म्हणजे हलकं, हे समीकरण तिथंच मोडतं.

आता आपल्या मातीतली गोष्ट सांगतो, जी या सगळ्याहून मोठी आहे.

गवती चहा आपण सगळे ओळखतो. परसात असतो, पावसाळ्यात दोन पाती चहात पडतात. त्याचाच एक सख्खा भाऊबंद सातपुड्यात रानोमाळ उगवतो, रोशा गवत. कुणी तिखाडी म्हणतं. जुन्या पश्चिम खानदेशात, अक्राणी आणि पिंपळनेरच्या भागात, एकोणिसाव्या शतकात या गवताच्या तेलाचा मोठा धंदा होता. पावसाळा सरताना भिल्ल गवत कापायचे. मुसलमान कारागीर ते विकत घेऊन ओढ्याकाठी भट्ट्या लावायचे, जिथं लाकूड आणि वाहतं पाणी दोन्ही हाताशी. मोठ्या हंड्यात गवत आणि पाणी, वर झाकण, झाकणाच्या फटी कणकेनं बंद केलेल्या, बांबूच्या नळीतून वाफ दुसऱ्या भांड्यात, आणि ते भांडं मानेपर्यंत वाहत्या पाण्यात. कोवळ्या फुलोऱ्याच्या गवताला ‘मोतिया’ म्हणायचे, पिकून लाल झालेल्याला ‘सोनफिया’. मोतियाचं तेल वासाला जास्त नाजूक.

हे तेल मुंबईहून जहाजानं तांबड्या समुद्राच्या बंदरांकडं आणि पुढं तुर्कस्तानात जायचं. तिथं त्याचं काय व्हायचं? बल्गेरियाच्या महागड्या गुलाबतेलात भेसळ! गुलाबाच्या वासातला एक मोठा घटक जिरॅनिऑल, आणि रोशाच्या तेलात तोच सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत असतो. इतकं बेमालूम मिसळायचं, की युरोपातल्या बाईसाहेबांच्या रुमालाला लागलेला ‘गुलाब’ काही अंशी आपल्या सातपुड्याच्या उतारावरचं गवत असायचं. युरोपच्या बाजारात या तेलाला नाव काय, तर ‘टर्किश जिरॅनियम’. तुर्कस्तानचंही नाही आणि जिरॅनियमचंही नाही! गवत भिल्लांनी कापलं, भट्टी खानदेशी कारागिरानं पेटवली, नाव तिसऱ्याच मुलखाचं लागलं.

माझ्या मते सगळा मुद्दा इथं आहे. रोशाच्या तेलात खोट नव्हती. ते आजही पामारोझा नावानं जगभर साबणात, अत्तरात वापरलं जातं, चांगला माल म्हणून. खोट होती ती गुलाब सांगून विकण्यात. माल तोच. स्वतःच्या नावानं विकला तर पर्याय, दुसऱ्याच्या नावाखाली लपवला तर फसवणूक.

आजच्या बाटल्यांना हीच फूटपट्टी लावा. स्वतःचं नाव, स्वतःचा पत्ता लावून कुणी मिळताजुळता वास विकत असेल, तर तो पर्याय. वासावर सहसा कुणाची मालकी चालत नाही. 2006 साली फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानं वासाला लेखनासारखा कॉपीराइट द्यायला नकार दिला. त्याच महिन्यात नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयानं नेमका उलटा निकाल दिला, म्हणजे न्यायाधीशांचंही एकमत नाही. पण ‘अमक्या ब्रँडसारखा’ असा तक्ता छापून, त्या ब्रँडच्या नावावर स्वार होऊन विकणं वेगळं. लॉरिएल विरुद्ध बेल्यूर खटल्यात युरोपीय न्यायालयानं 2009 मध्ये ते गैर ठरवलं. आणि मूळ ब्रँडचंच नाव, तसंच खोकं, तशीच बाटली छापून विकणं ही सरळ बनावट. तिथं वाद नाही, गुन्हा आहे.

किमतीचंही बोलू. परफ्युमच्या बाटलीत बहुतेक अल्कोहोल असतं, सुगंधी अर्क साधारण पंधरा-वीस टक्के. उरलेल्या पैशात दुकान, जाहिरात, खोकं आणि नाव. ज्याला ते परवडतं त्यानं जरूर घ्यावं, तो कोरडा शेवट मलाही आवडला. पण कपाशीचा पैसा हातात यायच्या आधी खताची उधारी फेडणाऱ्या घरातल्या पोरानं साडेपाचशेची बाटली घेतली, तर त्याला चारचौघांत ‘डुप्लिकेट’ म्हणून हिणवू नका. नोकरीच्या मुलाखतीला जाताना अंगाला चांगला वास यावा, ही इच्छा काही श्रीमंतांच्या मालकीची नाही. आपल्याकडं लग्नात दारावर उभं राहून प्रत्येक पाहुण्याच्या हाताला अत्तर लावायची रीत होती. पाहुण्याची ऐपत बघून बोट आखडतं घेत नव्हतं कुणी.

शेजारचं अमळनेर बघा. 1945 साली तिथं वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढं विप्रो झाली. याच विप्रोनं ‘संतूर’ साबणातून चंदनाचा वास सामान्य घरांच्या मोरीत पोहोचवला, आणि 2009 मध्ये इंग्लंडच्या ‘यार्डली’चा भारतातला व्यवसाय विकत घेतला. संतूर वापरल्याची लाज कुणाला वाटली? नाही वाटली, कारण त्यावर संतूरच लिहिलेलं होतं.

म्हणून पोरांनो, ब्रँड बघण्याआधी बाटली उलटी करा. परफ्युम हे कायद्यानं सौंदर्यप्रसाधन आहे. बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरायची मुदत, घटक, किती मिली आणि एमआरपी, हे सगळं छापलेलं पाहिजे. नसेल, तर आत कोणतं स्पिरिट आहे हे देवालाच माहीत, आणि ते तुम्ही मानेला लावणार आहात. घेतल्यावर आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून दिवसभर थांबा. आग झाली, पुरळ उठलं तर बंद. फसवणूक वाटली तर बिल जपून ठेवा आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. बिलच मिळत नसेल, तर मालच घेऊ नका.

आणि सातपुड्याकडं कधी गेलात, तर पावसाळा संपताना वाटेवरचं उंच गवत चुरडून हुंगून बघा. गुलाबासारखं वाटलं तर ते रोशा. आपल्या केळीला आणि भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, नाव मिळालं. या गवतानं शंभर-दीडशे वर्षांपूर्वी अर्ध्या जगाला वास दिला, पण दुसऱ्याच्या नावावर. निदान आपल्या पोरांना तरी त्याचं खरं नाव माहीत असावं.