चर्चिलला द्यायचा सिगार

विन्स्टन चर्चिलचा एकविसावा वाढदिवस क्यूबात उजाडला. 1895 चा नोव्हेंबर. स्पेनविरुद्ध बंड पेटले होते आणि ते जवळून पाहून लंडनच्या वृत्तपत्राला वार्तापत्रे धाडायला हा तरुण अधिकारी हवानात उतरला होता. हवाना सिगारची गोडी त्याला जन्मभर पुरली. लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरच्या रॉबर्ट लुईस या दुकानात त्याने 1900 मध्ये उघडलेले खाते 1964 पर्यंत चालू होते. जानेवारी 1965 मध्ये तो गेला.

अशा माणसाला सिगार भेट द्यायचा तर कोणता? चार्टवेलच्या घरी, अभ्यासिकेशेजारच्या खोलीत हजारोंनी सिगार रचलेले असत. 1941 मध्ये क्यूबाहून सिगारांनी भरलेले एक कपाटच आले. युद्धाचे दिवस, त्यामुळे विषाची शंका आली आणि ब्रिटिश गुप्तचर खात्याच्या व्हिक्टर रॉथशील्डने त्या सिगारांची तपासणी केली. किती मोठी भेट, आणि आधी पोचली प्रयोगशाळेत!

चर्चिल सिगार ओढायचा कसा, हे पाहिले की भेटीचे कोडे सुटते. सिगारला भोक पाडायचे साधन त्याच्या घड्याळाच्या साखळीलाच असे, पण त्याला आवडत कॅनडाहून येणाऱ्या लांबलचक आगकाड्या. सिगारचे टोक ओलवायचे, काडीने भोक पाडायचे, दुसऱ्या टोकाने फुंकर मारून वाट मोकळी करायची आणि मग पेटवायचा. विझला तरी हरकत नसे. बराच वेळ तो नुसता चघळतच असे. त्याला चांदीचा कातरा देण्यापेक्षा त्या काड्यांचा डबा देणारा माणूस मला जास्त जाणता वाटतो. सिगार निवडतानाही हीच नजर हवी.

किंमत पाहण्याआधी सिगार हातात घ्यावा. हलके दाबून पाहावे: कुठे गाठ लागू नये, कुठे पोकळ वाटू नये. बाहेरचे पान सलग, किंचित तेलकट असावे. चिरलेले पान नको. भेट देईपर्यंत तो साधारण 65 ते 70 टक्के आर्द्रतेत राहायला हवा. मुंबईच्या पावसाळ्यात उघडा ठेवला तर बुरशी धरते, नागपूरच्या मे महिन्यात पान तडकते. फ्रिज तर नकोच. तिथे तो सुकतो आणि फोडणीचा वास धरतो.

तंबाखू सोडलेल्या किंवा कधीच न ओढलेल्या माणसासाठी मात्र दुसरी भेट शोधावी. सिगारनेही तोंडाचा आणि घशाचा कर्करोग होतो.

रोमिओ इ हुलिएता या क्यूबन कंपनीने चर्चिलचे नाव दिलेला आकार सुमारे सात इंच लांब आहे आणि तो संपायला तासाहून जास्त वेळ लागतो. तो घेण्याआधी, ज्याला द्यायचा त्याला संध्याकाळी तेवढी सवड असते का, हे त्याच्या घरच्यांना विचारून घ्या. नसेल तर आखूड घ्या.