ठाणें-कल्याणचे नमस्कार आणि निरोप

बोरीबंदर ते ठाणें हा आगगाडीचा रस्ता १६ एप्रिल १८५३ रोजीं सुरू झाला आणि पुढच्याच वर्षीं तो कल्याणपर्यंत पोहोंचला. या मुलखांत परमुलखींचीं माणसें आगगाडीनें आणलीं, असें आपण म्हणतों. पण कल्याणास परक्यांची सवय त्याच्या फार आधींची. ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत त्याचा बंदर म्हणून उल्लेख आहे, आणि कान्हेरीच्या दानलेखांत कल्याणकर आढळतात. अशा ठिकाणीं कोण कोणास कसें हांक मारतो, निरोप कसा घेतो, हें ऐकत हिंडणें हा माझा निवृत्तीनंतरचा छंद आहे. त्यास पैसे लागत नाहींत. कान मात्र उघडे ठेवावे लागतात.

ठाण्यास टेंभी नाक्याजवळ बेने इस्रायल लोकांचें ‘शाआर हाशामाइम’, म्हणजे स्वर्गद्वार, या नांवाचें प्रार्थनामंदिर आहे. तें १८७९ सालचें. हे लोक कोंकणांत तेलाचा घाणा चालवीत व शनिवारीं तो बंद ठेवीत, म्हणून ‘शनवार तेली’ म्हणविले गेले. आडनांवें पेणकर, राजपूरकर अशीं. घरची भाषा मराठी. दाराच्या चौकटीवर धर्मवचनाची डबी असते. येतां-जातां तिला बोटें लावून तीं ओठांस लावावयाचीं. आपल्या देवळांतील पायरीला हात लावून तो कपाळीं नेणाऱ्यास ही रीत समजावून सांगावी लागत नाहीं. १९४८ नंतर यांतील बहुतेक इस्रायलला गेले, आणि तेथें त्यांनीं ‘मायबोली’ नांवाचें मराठी नियतकालिक चालविलें. भेटीस आणि निरोपास त्यांचा शब्द एकच: ‘शालोम’, म्हणजे शांति. ‘सलाम’ हा त्याचाच भाऊ.

डोंबिवलीच्या आसपासचीं मूळ गांवें आगरी लोकांचीं. तेथील म्हातारी अनोळखी माणसासही ‘तू’ म्हणते, तेव्हां पुण्याकडून आलेले आपले पाहुणे दचकतात. वास्तविक दचकण्याचें कारण नाहीं. आपणही आईस व देवास ‘तू’च म्हणतों. संस्कृतांत ‘त्वम्’ देवासही चालतें. मान द्यावयाचा तेव्हां ‘भवान्’ म्हणून क्रियापद तृतीय पुरुषीं नेतात, म्हणजे समोरच्या माणसास क्षणभर दूर उभें करतात. आदर आणि दुरावा यांचें हें नातें आमच्या वर्गांत मुलांना फार लवकर कळे.

निरोपाची गंमत याहून मोठी. मराठी माणूस ‘जातों’ म्हणत नाहीं, ‘येतों’ म्हणतो. गुजराती ‘आवजो’ म्हणतो. डोंबिवलींतले तमिळ शेजारी ‘पोयिट्टु वरेन’ म्हणतात, तें शब्दशः ‘जाऊन येतों’. संस्कृत नाटकांतील पात्रें ‘पुनर्दर्शनाय’ म्हणतात. इंग्रजाचें ‘गुडबाय’ मात्र मुळांत ‘ईश्वर तुजबरोबर असो’ असें आहे. परत येण्याची त्यांत हमी नाहीं.

‘येतों’ न म्हणण्याची जागा एकच, सुतकाचें घर. तेथून मुकाट्यानें उठावयाचें. आणि याच ठिकाणीं मीं दोन घरांचें एक दुखणें जवळून पाहिलें.

कल्याणच्या लष्करी छावणींत फाळणीनंतर सुमारें एक लक्ष सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांनीं तेथें उल्हासनगरची कोनशिला बसविली. तेथील एक कुटुंब पुढें डोंबिवलीच्या पूर्वेस आमच्या ओळखीच्या इमारतींत राहावयास आलें. समोर मराठी बिऱ्हाड. पंधरा वर्षें एकमेकांच्या किल्ल्या एकमेकांकडे असत. सिंधी घरीं गेलें कीं, आधीं पापड आणि पाणी पुढें येई. संबोधन ‘साईं’, तो आपला ‘स्वामी’च. पाहुण्याचें पहिलें ‘नको’ खरें नसतें, एवढें तर दोन्ही घरांस ठाऊक होतें.

मराठी घरचे यजमान अचानक वारले. सिंधी शेजारी खांदा द्यावयास आले, आणि मग दहा दिवस फिरकले नाहींत. बाईंच्या जिव्हारीं लागलें. रोज कोणी ना कोणी येऊन बसत होतें. समोरचें दार मात्र बंद. त्यांनीं किल्ली परत पाठविली. ती नातवाच्या हातीं, निरोपावांचून.

आपल्याकडे समाचारास कोणी बोलावीत नाहीं; कळलें कीं, माणसें आपण होऊन येतात व गप्प बसतात. सिंध्यांत ‘पगडी’ची आणि गुजरात्यांत ‘बेसण्या’ची वेळ ठरते, पुष्कळदां ती वर्तमानपत्रांत छापतात, आणि सर्वांनीं त्या घटकेस जावयाचें. शेजारी त्या निरोपाची वाट पाहत होते. तो आला नाहीं. त्याऐवजीं किल्ली आली. आपणांस मुद्दाम वगळलें, असें त्यांनाही वाटलें. दोघांकडेही अपमानच झाला होता, आणि अपमान करणारा कोणीच नव्हता!

दोन महिने असे गेले. अखेर सिंधी घरच्या आजींनीं जिन्यांत बाईंना थांबवून सरळ विचारलें, ‘बैठक कधीं होती, तें आम्हांलाच का नाहीं सांगितलें?’ आपल्याकडे असा प्रश्न कोणी तोंडावर विचारणार नाहीं. मनांत ठेवील आणि वर्षभर बोलणार नाहीं. त्यांच्या स्पष्टपणाला माझ्या ओळखीचीं कांहीं माणसें आडमुठेपणा म्हणत असत. त्या दिवशीं तोच उपयोगी पडला.

आजी तेव्हांच आंत येऊन तासभर बसल्या. फोटोपुढें हात जोडले, रडल्या. किल्लीचा विषय कोणीच काढला नाहीं. ती दिवाळीच्या सुमारास फराळाच्या ताटाबरोबर पुन्हा पलीकडे गेली.