किमोची उधारी

मंडळी, विषय जरा रुक्ष आहे, तेव्हा चहा घेऊन बसा. कॅन्सरचं औषध विकत कोण घेतं? बहुतेक जण म्हणतील पेशंट, नाहीतर विमा कंपनी. अमेरिकेत शिरेतून द्यायचं किमोचं औषध आधी डॉक्टर विकत घेतो. स्वतःच्या क्लिनिकच्या पैशांनी, बरेचदा घाऊक विक्रेत्याच्या उधारीवर. औषध पेशंटच्या अंगात गेलं की मग क्लेम पाठवायचा आणि पैसे येण्याची वाट बघायची. आपला वाणी करायचा तसाच धंदा, फक्त साखरेच्या पोत्याऐवजी फ्रीजमधली एक बाटली हजारो डॉलरची.

आता हिशोब बघा. २००३ साली कायदा झाला आणि २००५ पासून मेडिकेअर अशा औषधाला सरासरी विक्री किंमत अधिक ६ टक्के देऊ लागलं. त्या ६ टक्क्यांत साठवण, वाया गेलेली औषधं, उधारीचं व्याज, सगळं आलं. औषध १०,००० डॉलरचं असेल तर क्लिनिकला १०,६०० मिळायला हवेत. पण २०१३ मध्ये सरकारी काटछाट आली आणि मेडिकेअरच्या वाट्यातले, म्हणजे ८० टक्क्यांतले, २ टक्के कापले जाऊ लागले. सहाशेचे झाले साधारण चारशेतीस. उरलेला २० टक्के वाटा, म्हणजे २,१२० डॉलर, पेशंटने द्यायचा. तो त्याने नाही दिला तर? मग चारशेतीस विसरा, डॉक्टरच्याच खिशातून गेले. शिवाय ती सरासरी दोन तिमाही जुनी असते. मधे भाव वाढला तर फरक क्लिनिकच्या माथी.

आमच्या कॉम्प्लेक्समधे एक काकू आहेत, सत्तरी ओलांडलेल्या. मुलगा दुसऱ्या स्टेटमधे, त्यामुळे दर तीन आठवड्यांनी त्यांना सोडायचं काम माझ्याकडे. त्यांचं क्लिनिक डोनटच्या दुकानाशेजारी होतं. दोन डॉक्टर, आठ खुर्च्या. नर्सला न विचारता ठाऊक, की काकूंचा डावा हात घ्यायचा आणि आधी गरम टॉवेल ठेवायचा. मी लॅपटॉप उघडून कोपऱ्यात बसायचो, काकू डब्यातल्या वड्या सगळ्यांना वाटायच्या. (एका अमेरिकन आजोबांना अळूवडी इतकी आवडली की ते तारखा काकूंच्या तारखांना जुळवून घ्यायला लागले.)

मग एका मोठ्या हॉस्पिटलने ते क्लिनिक विकत घेतलं आणि सगळ्यांना मुख्य इमारतीत हलवलं. जायला चाळीस मिनिटं, पार्किंगचे पैसे वेगळे, आणि बिल आलं तर औषध चढवण्याचा आकार दुपटीहून जास्त.

"अरे, औषध तेच, सुई तीच, मग वाढलं काय?" काकूंनी विचारलं.

"काकू, इमारत," मी म्हटलं. दुसरं खरं उत्तरच नव्हतं. औषध टोचण्याच्या कामाला मेडिकेअर हॉस्पिटलच्या विभागात डॉक्टरच्या ऑफिसपेक्षा कितीतरी जास्त पैसे देतं, आणि काकूंकडे जोडविमा नसल्याने त्याचे २० टक्के त्यांचे. २०१५ च्या कायद्याने हॉस्पिटलच्या आवाराबाहेरच्या नव्या शाखांचा हा वाढीव दर बंद केला. मुख्य आवार त्यातून सुटलं. म्हणजे क्लिनिक विकत घेऊन आवारातच हलवलं की दर शाबूत! कोडमधली पळवाट शोधणारे आपणच हुशार असं नाही. त्यात गरीब पेशंटांसाठी म्हणून १९९२ मधे सुरू झालेल्या ३४०बी योजनेत पात्र हॉस्पिटलांना औषधं मोठ्या सवलतीत मिळतात. स्वतंत्र क्लिनिकना त्यात जागाच नाही.

छोटे सगळे साधू आहेत असं माझं म्हणणं नाही. टक्केवारीने पैसे मिळणार असतील तर महागडं औषध लिहायचा मोह होणारच, आणि ही टीका मला रास्त वाटते. 'स्वतंत्र' शब्दही जरा ताणलेला आहे. यू.एस. ऑन्कॉलॉजी हे क्लिनिकांचं मोठं जाळं २०१० मधे मॅकेसन या घाऊक औषध विक्रेत्या कंपनीनेच विकत घेतलं. पण पर्याय काय उरतो? २००३ पासून या क्लिनिकांची बाजू मांडणाऱ्या कम्युनिटी ऑन्कॉलॉजी अलायन्सने २०२० च्या अहवालात २००८ पासूनचा हिशोब मांडला होता. उपचाराची ४३५ ठिकाणं बंद, ७२२ प्रॅक्टिस हॉस्पिटलांकडे. आकडे एका बाजूच्या संस्थेचे आहेत हे धरूनही कल दिसतोच.

आपल्या लोकांना पटेल असं उदाहरण देतो. २१ फेब्रुवारी २०२४. चेंज हेल्थकेअर या कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाला आणि देशभरातले क्लेम अडकले. कारण? एका रिमोट पोर्टलवर मल्टि-फॅक्टर ऑथेंटिकेशन नव्हतं. त्यांची मालक कंपनी युनायटेडहेल्थच्या प्रमुखांनीच हे संसदेसमोर सांगितलं. मोठी हॉस्पिटलं गंगाजळीवर तग धरतात. पण उधारीवर औषधं आणणाऱ्या छोट्या क्लिनिकचं काय? विक्रेत्याची तारीख जवळ येतेय, क्लेम हवेत, आणि खुर्चीवर बसलेल्या माणसाला "पुढच्या महिन्यात या" म्हणता येत नाही. आपला सर्व्हर पडला की आपण पिझ्झा मागवून रात्र काढतो. तिथे डॉक्टर कर्ज काढतात.

"आपण एच-वनवाले, मत देता येत नाही, करणार काय?" हे मी लंच टेबलावर शंभरदा ऐकलंय. करता येतं की! मेडिकेअर दरवर्षी पुढच्या वर्षीच्या दरांचा मसुदा काढतं, साधारण जुलैत, आणि त्यावर साठ दिवस कुणीही लेखी मत पाठवू शकतं. नागरिक असायची अट नाही. मी यंदा पाठवणार आहे. काकूंच्या परवानगीने, नाव खोडून, त्यांची दोन बिलं शेजारी शेजारी जोडली आहेत, जुन्या जागेचं आणि नव्या. वर एकच ओळ लिहिली आहे, काकूंच्याच प्रश्नाचं इंग्रजी भाषांतर. त्यांनी वाचून पाहिलं आणि म्हणाल्या, "शेवटी थँक यू लिही रे, सरकारी लोक असतात."