मागच्या आसनावरून

प्रवासाच्या इतिहासात वेगाचे पोवाडे पुष्कळ गाइले गेले. आरामाचा पोवाडा मात्र कोणी फारसा गात नाही. कोणती गाडी ताशी किती धावते, हे आमच्या वर्गातील लहानसा मुलगाही तोंडपाठ सांगतो. परंतु ती गाडी बसणाऱ्याच्या पाठीला किती जपते, असे विचारले म्हणजे वर्गात शांतता पसरते. वस्तुतः माणूस चाकावर बसू लागला, त्या दिवसापासून धक्क्याशी त्याचे भांडण चालू आहे. बैलगाडीत भाताचा पेंढा अंथरून त्यावर घोंगडे टाकणारे आमचे आजोबा हेच भांडण करीत होते. टांग्याखाली पोलादी पट्ट्यांची कमान बसविणारा कारागीरही तेच करीत होता. १८८८ साली बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले, तेव्हाही त्याला प्रथम कोणती शर्यत जिंकावयाची नव्हती. त्याच्या लहानग्या मुलाची तीनचाकी सायकल खडबडीत रस्त्यावर फार खडखडत असे, एवढेच निमित्त होते. बापाची माया पुढे जगातल्या कोट्यवधी चाकांना पुरली.

आमचे निमित्तही असेच घरगुती होते. आम्ही खानापूर तालुक्यात शिक्षकी करतो. घरात कोकणी, शाळेत मराठी आणि बाजारात मराठीच्या जोडीला कानडी, असा आमचा दिनक्रम. आईने पासष्टी ओलांडली आहे. तिची थोरली बहीण जांबोटीच्या बाजूला, रानालगतच्या एका खेड्यात राहते. बस मोठ्या रस्त्यावर उतरविते आणि गाव तेथून तीन किलोमीटर आत. त्यामुळे महिन्यातून दोनदा आमच्या मोटरसायकलच्या मागे बसून आई बहिणीकडे जात असे. दोघी बहिणी पडवीत बसत, सुपारी कातरीत आणि माहेरची सारी माणसे, हयात असलेली आणि नसलेलीही, एकामागून एक समोर बोलावीत.

गेल्या पावसाळ्यानंतर आईच्या मणक्यांची झीज झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले. चालणे-फिरणे चालू ठेवा, थोडा प्रवासही करा, पण धक्के टाळा, असा त्यांचा सल्ला. त्याच सुमारास एकदा मावशीकडून परतल्यावर आई गाडीवरून उतरली, कठड्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "म्हजी फाट मोडली रे पुता!" त्यानंतर तिने जाण्याचे नावच काढले नाही. फोनवर बोलणे होई. परंतु मावशीला ऐकू कमी येते. तेव्हा दोघीही मोठ्याने ओरडून "हांव बरी आसां" एवढेच एकमेकींना सांगत आणि फोन ठेवीत. बहिणींच्या दोन घरांमध्ये वीसएक किलोमीटरचा रस्ता पसरला होता आणि त्या रस्त्यावर खड्डे होते.

खड्डे बुजविणे आमच्या हाती नव्हते. हाती होती ती शंभर सीसीची जुनी मोटरसायकल. आम्ही एका सहकाऱ्यांना विनंती केली, की आज गाडी तुम्ही चालवावी. आम्ही मागे बसतो. ते हसले, पण तयार झाले. जांबोटीच्या वाटेवर पाच-सहा किलोमीटर गेलो, तेव्हा त्याच गाडीचे एक निराळेच रूप आमच्या प्रत्ययास आले. चालवणाऱ्याला जे केवळ हादरे वाटतात, ते मागच्याला तडाखे वाटतात. पुढच्याला खड्डा आधी दिसतो. तो हात-पाय सावरून घेतो, प्रसंगी पावलांवर भार देऊन किंचित उठतोही. मागच्याला खड्डा दिसत नाही, तो थेट कंबरेला कळतो.

याचे कारण गणिताच्या तासाला फळ्यावर मांडता येईल इतके सोपे आहे. मागचे चाक उंचवट्यावरून सहा सेंटिमीटर वर उचलले गेले, असे समजा. पुढचे चाक जमिनीवरच आहे. म्हणजे सारी गाडी तरफेसारखी पुढच्या चाकाभोवती वर उठते. चालवणारा दोन चाकांच्या जवळजवळ मध्यावर बसतो; म्हणून त्याच्या वाट्याला त्या उंचीच्या अर्ध्याहून थोडीच अधिक उंची येते. मागे बसणारा मात्र जवळजवळ मागच्या आसावरच बसलेला असतो. त्याला ती उंची बहुतेक पुरी सोसावी लागते. त्यातून माणसाच्या शरीराची घडण अशी, की बसलेल्या माणसाच्या कण्याला सेकंदाला सुमारे चार ते आठ या गतीने होणारी वर-खाली कंपने अधिक जाचतात. आपण चालतो तेव्हा सेकंदाला सुमारे दोन पावले टाकतो. त्या लयीची शरीराला लहानपणापासून सवय असते. म्हणून चांगली रचलेली गाडी खड्ड्यावरून जाताना दणका देत नाही. तो दणका ती संथ हेलकाव्यात उतरविते.

हे काम मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या ज्या जोडीकडे असते, तिला आमच्याकडील मिस्त्री 'शॉकअप' म्हणतात. एके काळी मोटरसायकलींच्या मागच्या चाकाला ही सोय सर्रास नसे. चाक सांगाड्याला घट्ट जखडलेले आणि स्प्रिंगा काय त्या बैठकीखाली. १९४९ साली आलेल्या रॉयल एनफिल्ड बुलेटच्या मागच्या चाकाला झुलता काटा होता. त्यालाच मिस्त्री मंडळी 'चिमटा' म्हणतात. चाक चिमट्यासह वर-खाली होते आणि शॉकअप त्याला आवर घालतो.

शॉकअप म्हणजे स्प्रिंग, असा पुष्कळांचा समज असतो. स्प्रिंग डोळ्यांना दिसते, म्हणून श्रेय तिला मिळते. पण स्प्रिंग धक्का शोषीत नाही. ती तो फक्त उसना घेते. जितके दाबावे तितक्या प्रमाणात ती प्रतिकार करते, हा नियम रॉबर्ट हूक याने १६७८ साली प्रसिद्ध केला; आणि सोडताच ती घेतलेले बहुतेक सारे परत करते. नुसत्या स्प्रिंगवर उभी असलेली गाडी एका खड्ड्यानंतर पुढची वीस पावले उड्या मारीत राहील. धक्का खरोखर संपविण्याचे काम आतले तेल करते. नळकांड्यात तेल असते, त्यात दट्ट्या असतो आणि दट्ट्याला बारीक छिद्रे असतात. दट्ट्या सरकू लागला, की तेलाला त्या छिद्रांतून वाट काढावी लागते. या ओढाताणीत खड्ड्याने दिलेल्या शक्तीची उष्णता होते. दूरच्या खडतर प्रवासानंतर नळकांडे हाताला कोमट लागते, ते यामुळेच. जो दणका पाठीत शिरायचा, तो येथे ऊब होऊन वाऱ्यावर जातो.

आमच्या गाडीचे डावे नळकांडे ओशट झाले होते आणि त्यावर तांबडी धूळ बसली होती. आतले तेल पाझरत असल्याची ती खूण. गाडीची शेपटी हाताने दाबून सोडली, तर ती एकदाच वर येऊन स्थिरावली पाहिजे. आमची दोन-तीनदा डुलली. शॉक संपले होते; काम करीत होत्या त्या केवळ स्प्रिंगा.

उपाय सुचविणारे पुष्कळ भेटले. कोणी म्हणाले, बैठकीवर जाड फोम घाला. कोणी म्हणाले, सगळ्यांत मऊ स्प्रिंग बसवा. परंतु फार मऊ स्प्रिंग दोघांच्या वजनाखाली आधीच निम्मी दबून बसते. मग मोठा खड्डा आला की ती तळ गाठते आणि लोखंड लोखंडावर आदळते. फार कडक घेतली तर बारीक खडीसुद्धा अंगाला सांगून जाते. तेव्हा आम्ही आमचे बासष्ट किलो आणि आईचे पंचेचाळीस किलो वजन मिस्त्रींना सांगितले आणि त्या वजनाला शोभेल अशी जोडी मागविली. लांबी, म्हणजे वरच्या छिद्राच्या मध्यापासून खालच्या छिद्राच्या मध्यापर्यंतचे अंतर, जुन्याइतकेच ठेवले. कारण ते बदलले तर गाडीचा तोल, साखळीचा ताण आणि स्टँडवरचा कल हे सारेच बदलते. नव्या शॉकना नायट्रोजन वायूची लहानशी डबी होती. खडबडीत रस्त्यावर तेल घुसळले जाऊन त्यात बुडबुडे होतात आणि बुडबुडे छिद्रांतून सहज निसटतात. दाबाखालचा वायू त्यांना होऊ देत नाही. महिन्याच्या किराण्याइतका खर्च आला.

मिस्त्रींनी गाडी मधल्या स्टँडवर घेतली. एका बाजूचा शॉक काढून तेथे नवा बसविला आणि मगच दुसऱ्या बाजूला हात घातला, म्हणजे चिमटा खाली लोंबकळत नाही. त्यानंतर आम्ही टेप घेऊन बसलो. चाक अधांतरी असताना आसापासून बैठकीखालच्या एका खुणेपर्यंतचे अंतर मोजले. मग आम्ही दोघे, शिरस्त्राणे घालून, गाडीवर बसलो आणि मिस्त्रींनी तेच अंतर पुन्हा मोजले. चाकाची एकूण हालचाल सुमारे ८० मिलिमीटर. दोघांच्या वजनाने तिचा पाव ते तृतीयांश भाग दबावा, असा ठोकताळा. पहिल्या खाचेवर ३५ मिलिमीटर दबले, तिसऱ्यावर २५. तिसरी खाच कायम केली. ही खाच बदलल्याने स्प्रिंग कडक होत नाही. ती आधीच थोडी दाबली जाते, एवढेच, आणि मग वजनाखालीही चाकाला वर सरकण्यास जागा उरते. शेवटी मागच्या टायरची हवा, दोघे बसणार असतील तर पुस्तिकेत सांगितली आहे तेवढी, भरून घेतली.

त्या रविवारी आईला आम्ही काही बोललो नाही. "मावशीकडे जाऊन येऊ," एवढेच म्हटले. ती बराच वेळ दारात उभी राहिली, मग कंबरेला पट्टा बांधून आली. निम्म्या वाटेपर्यंत तिचा हात आमच्या खांद्यावर घट्ट होता. पुढे तो सैल झाला. थोड्या वेळाने मागून आवाज आला, "रस्तो बरो केला मरे!" रस्ता जसाच्या तसा होता. मावशीच्या अंगणात दोघी एकमेकींना पाहून पुन्हा ओरडल्याच. पण या वेळी फोन ठेवण्याची घाई नव्हती.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळजण सायकलच्या कॅरिअरवर धाकट्या भावंडाला बसवून शाळेत येता. ते कॅरिअर मागच्या आसाच्या बरोबर वर असते आणि त्याखाली ना स्प्रिंग ना तेल. एखाद्या सुटीच्या दिवशी सायकल दुसऱ्याच्या हाती देऊन तुम्ही स्वतः तेथे बसून पाहा. मग शाळेसमोरच्या चरापाशी ब्रेक लावण्याची आठवण कोणी करून द्यावी लागणार नाही.